काठाची माया

तीर्थस्वरूप अक्का,

साष्टांग नमस्कार. (तो कागदावरच मानून घ्यावा. प्रत्यक्ष घालायला गेलो तर काही अंगं टेकतात आणि बाकीची कंबरेपाशी अडकून राहतात. जन्मभर मशीनवर वाकून बसल्याचं हे फळ.) तुमचा गुडघा कसा आहे? साडूभाऊंचा खोकला अजून पुढच्या खोलीतच मुक्कामाला आहे की मागच्या अंगणापर्यंत ऐकू जातो? तुमच्या मांजरीने गेल्या भेटीत माझ्या पँटच्या पायावर जी नक्षी काढली ती मी उसवून, रफू करून, इस्त्री मारून बुजवली आहे. तिच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, तिलाही तसं कळवावं. तुमचा दुरुस्तीला आणलेला चष्मा माझ्याकडे सुखरूप आहे. दांडीचा स्क्रू फारच बारीक निघाला, आमच्या समोरचे घड्याळजी तसाच दुसरा शोधताहेत, तेव्हा घाई करू नका, डोळ्यांना तेवढाच आराम. खरं तर फोनच करणार होतो. पण तुमच्याकडचा फोन हल्ली एकच व्यक्ती उचलते, माझा आवाज ऐकते आणि ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून देते. काल तर मी बोललोही नव्हतो, नुसता श्वास घेतला, तरी राँग नंबर! संसार मुरला की माणूस श्वासावरून ओळखू येतो, हे मला अशा तऱ्हेने कळायला नको होतं.

तर पत्र लिहायला कारण असं काही नाही. खुशाली कळावी, एवढंच. तुमची धाकटी बहीण, म्हणजे माझी बायको, तुमच्याकडे सुखात असेलच, तिच्याबद्दल मी काहीही विचारत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ती जेवते का, झोपते का, संध्याकाळी खिडकीत उभी राहते का, राहिली तर कोणत्या दिशेला बघते, यातलं मला काही जाणून घ्यायचं नाही. मात्र झाल्या प्रकारात तिने तुम्हाला एकच बाजू सांगितली असणार आणि कापडाला दोन बाजू असतात, म्हणून उलटी बाजू मी दाखवतो. (हे पत्र तिच्या कानावर जाता कामा नये. ही विनंती मी पुढेही अधूनमधून करणार आहे, कंटाळू नये.)

तुम्हाला ठाऊकच आहे की सुट्ट्या लागल्या की आमच्याकडे माणसांचा राबता सुरू होतो, आणि माणसं माझ्या ओढीने येत नाहीत, मुरड्यांच्या ओढीने येतात. बटाटा-मटाराचं तिखट सारण, मैद्याची पारी, अर्धगोल घडी आणि काठाला चिमटीचिमटीने घातलेली मुरड, एवढाच तो पदार्थ. पण तिच्या हातची मुरडी तोंडात घातली की आमचे थोरले काका, जे एरवी सगळ्या जगाकडे बघून नाक मुरडतात, ते नाक जागच्या जागी ठेवून डोळे मिटतात. तर सुट्टीच्या पहिल्याच रविवारी सगळे जमले होते. परात भरून मुरड्या आल्या. माझ्या गळ्यात टेप होती. (ती असतेच. आंघोळीला जाताना काढतो, तेही आठवण केली तर.) मी दोन मुरड्या उचलल्या. आता अक्का, टेलरच्या हातात दोन सारख्या वस्तू आल्या आणि गळ्यात टेप असली तर तो काय करील? मी मोजल्या. पोट सारखं भरलं, लांबी सारखी भरली, काठ मात्र दोन्हीकडे ऐसपैस. तेव्हा मी दुकानात बोलतो त्याच आवाजात, सर्वांदेखत म्हणालो, “मुरड्या झकास. पण माया जरा जास्त होतेय.”

आता माया म्हणजे काय? शिलाईच्या पलीकडे आत जे जास्तीचं कापड सोडतात, ती माया. उद्या गिऱ्हाइकाचं पोट वाढलं तर उसवून सैल करायला कामी येते. या धंद्यातलं पोरसुद्धा तो शब्द दिवसभर तोंडात घोळवतं. मी दिवसभर तेच ओरडत असतो, बाहीला माया ठेव, कॉलरची माया कमी कर. घरात तो शब्द उच्चारताना सांभाळून उच्चारावा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तुमची बहीण झारा हातात धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग टेपकडे पाहिलं, मग म्हणाली, “माया जास्त होते का? बरं.” बस, एवढंच. त्या ‘बरं’ला मुळी काठच नव्हता. दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन निघाली तेव्हा मी समजलो बाजारात चालली आहे, आणि वर मटार आणायला सांगितले. ते मटार अजून आलेले नाहीत.

मी लगेच तुमच्याकडे आलोच होतो. तुम्ही चहा दिलात, साडूभाऊंनी खोकल्याचा सगळा इतिहास ऐकवला, मांजरीने पँट फाडली आणि तुमची बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. आतून फक्त लाटण्याचा आवाज येत होता. माझ्या अनुभवाप्रमाणे तेवढ्या जोराने लाटलेली पोळी पलीकडचं दिसण्याइतकी पातळ होते. मी रिकाम्या हाताने परत आलो. (अगदी रिकाम्या म्हणता येणार नाही, तुमचा चष्मा होता.)

अडचण अशी झाली आहे की सुट्टीच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे या येत्या रविवारी, सगळं गोत पुन्हा आमच्याकडे जमणार आहे. थोरल्या काकांनी निरोप पाठवला आहे की बाकी स्वयंपाक कमी केला तरी चालेल, मुरड्या कमी पडू नयेत. ती घरात नाही हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. कसं सांगू? का गेली म्हणून विचारतील, मी म्हणणार, माया जास्त झाली म्हणून गेली. लोक मला डॉक्टरकडे नेतील. तेव्हा मी ठरवलं की मुरड्या आपणच करायच्या. जो माणूस बंद गळ्याचा कोट शिवतो त्याला पिठाचं एक पाकीट शिवता येणार नाही? आणि रविवारच्या आधी रंगीत तालीमही आयती चालून आली होती, कारण आमच्या गल्लीतल्या दुकानदारांचं सुट्टीचं जमणं होतं, आणि त्याला आमच्या घरून दरवर्षी डबा जातो.

सुरुवात मी शास्त्रशुद्ध केली. आधी जाड कागदावर मुरडीचा फर्मा कापला. मग पीठ. मैद्यात कडकडीत तेलाचं मोहन घालायचं असतं हे मला माहीत होतं, पण किती, ते तिच्या हाताला माहीत आहे, तिला तोंडाने सांगता येत नाही आणि मला टेपने मोजता येत नाही. मी अंदाजाने ओतलं. गोळा इतका तुकतुकीत झाला की हातात राहीना, साबणासारखा निसटून कपाटाखाली गेला, तिथून काठीने काढला, वरचा भाग खरवडला आणि पुढे गेलो. (हे गल्लीतल्या कुणाला कळवू नये.) मग मोठी पोळी लाटली, तिच्यावर फर्मा ठेवला, खडूने आखणी केली आणि कात्रीने कापली. कापडाची कात्री, ती घरच्या कामाला लावली तर मी आकांडतांडव करतो, हे तुम्ही ऐकलंच असेल. आणि अक्का, पीठ हे फार बेइमान कापड आहे. त्याला ना उभा धागा ना आडवा. खडूच्या रेघेवर कापावं तर कात्री पुढे जाईस्तोवर ते आक्रसून मागे बसलेलं. टेरिकॉट बरं, निदान एका बाजूला तरी ओढ खातं.

पहिला घाणा मी माझ्या तत्त्वाप्रमाणे केला. माया अगदी बेताची, दोऱ्याएवढी. दिसायला इतक्या नेटक्या झाल्या की मी त्यांना हँगरवर लावायचा तेवढा बाकी होतो. तेल तापलं, पहिली मुरडी सोडली. ती तळाशी गेली, क्षणभर विचार केला, वर आली आणि तिने तोंड उघडलं. मग दुसरीने उघडलं. मग सगळ्यांनीच. अहो, सारण बाहेर, तेलाचा फेस बाहेर, मटार तर नुसते उडताहेत! एक माझ्या कपाळाला लागला, एक छताला चिकटला, तो अजून तिथेच आहे, एक खिडकीतून बाहेर गेला. मी पातेल्याचं झाकण ढालीसारखं धरून गॅसपर्यंत पोहोचलो आणि तो बंद केला. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य धावत खाली आले. फटाके वाजताहेत असं त्यांना वाटलं होतं. कढईत बघून म्हणाले, इतकी तोंडं एकदम उघडलेली त्यांनी आजवरच्या धंद्यात पाहिली नव्हती. वहिनी कुठे आहेत, असंही विचारलं. मी म्हणालो, मटार आणायला.

दुसऱ्या घाण्याच्या वेळी मी आमच्या काजवाल्या मामांचा सल्ला घेतला. दुकानात काजं आणि बटणं तेच बघतात, आणि कोणतीही गोष्ट बंद करायची म्हटली की त्यांना काज-बटणापलीकडे सुचत नाही. मुरडीला बटण लावता येणार नाही हे त्यांना पटवायला मला वेळ लागला. मग ते म्हणाले, काठ बसत नाही ना, इस्त्री मारा. ऐकायला चूक वाटत नव्हतं. आम्ही मुरड्या टेबलावर मांडल्या, वर ओलं फडकं पसरलं आणि मामांनी जड इस्त्री दाबली. चर्र आवाज झाला, वास छान आला. मामा खूश, मी खूश. फडकं उचललं तर मुरड्या फडक्यासकट वर आल्या, आणि ज्या फडक्याला चिकटल्या नाहीत त्या इस्त्रीला चिकटल्या. इस्त्री नीट पुसायची राहिली. संध्याकाळी मुख्याध्यापकांच्या पँटला जी धार आली ती आम्ही आजवर काढलेल्या सर्व धारांत कडक होती, कारण तिच्यात बटाटा होता. ती पँट आता बसताना आवाज करते असा त्यांचा निरोप आला आहे.

तिसरा घाणा मात्र जमला. मला वाटलं, आपण आपला धर्म सोडून कुठे भरकटलो? कपडा पक्का शिवण्याआधी आपण काय करतो? धावदोरा घालतो. कच्चे टाके, काम झालं की ओढून टाकायचे. मी सुईत पांढरा दोरा ओवला आणि मुरडीचा काठ टिपत गेलो. काय सांगू अक्का, काय हात चालला! एक संपली की दोरा न तोडता दुसरी, दुसरीहून तिसरी, दुकानात आम्ही बाह्यांच्या जोड्या अशाच लावतो. साऱ्या घाण्याचं एक लांबलचक तोरण झालं. तळताना एकीने तोंड उघडलं नाही. सोनेरी, फुगीर, मापाला मापच. मी दोन उचलल्या, मोजल्या, सूतभर फरक नाही! मी स्वयंपाकघरात एकटाच नाचलो. (हे तिला सांगू नका. आणि मी नाचलो म्हणजे कसा नाचलो ते तिला बरोबर समजेल, तेही सांगू नका.) तोरण दुमडून डब्यात भरलं, सुका मसाला भुरभुरला, आणि तसाच जमण्याला गेलो. काही विसरलो आहे असं वाटत होतं, पण टेप गळ्यात होती, म्हणून निर्धास्त राहिलो.

जमण्याचे अध्यक्ष यंदा आमचे घड्याळजी होते. त्यांनी लांबलचक भाषण केलं, त्यात आमच्या घराचं आणि विशेषतः वहिनींचं कौतुक केलं, आणि मुरडीचा पहिला घास घेतला. चावले. पुन्हा चावले. मग त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव आला, जसा घड्याळ उघडल्यावर आत एक चाक जास्तीचं दिसलं की येतो. त्यांनी दोन बोटं तोंडात घातली आणि दोरा ओढायला सुरुवात केली. दोरा येतोय, येतोय, येतोच आहे! आणि तेवढ्यात टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दंतवैद्यांच्या ताटलीतली मुरडी सरकायला लागली. अक्का, ती चालत निघाली! दंतवैद्य काट्याने तिला टोचून धरताहेत, घड्याळजी इकडून ओढताहेत, मधल्या लोकांच्या हातातल्या मुरड्या टाळ्या वाजवाव्यात तशा थडाथड एकमेकींवर आपटताहेत. कुणीतरी ओरडलं, “सोडू नका!” कुणी ओरडलं, “तोडा!” मी नेहमीच्या सवयीने खिशातली कात्री काढून धावलो, तर घड्याळजींना वाटलं मी त्यांची जीभ कापायला येतोय, ते टेबलाखाली गेले. त्यांच्यामागोमाग सबंध तोरण टेबलाखाली गेलं. शेवटी दंतवैद्यांनी त्यांना खुर्चीत बसवून, आ करायला लावून, दाढेत अडकलेलं टोक शास्त्रोक्त काढलं आणि मला म्हणाले की यापुढे मी त्यांच्या धंद्यात पडू नये, ते माझ्या धंद्यात पडणार नाहीत.

हसून हसून सगळ्यांचे डोळे पुसून झाले. मीही हसलो. मग जरा शांत झाल्यावर घड्याळजींनी विचारलं, वहिनी कधी येणार? म्हणजे गल्लीला सगळं ठाऊक होतं. मुरडीत दोरा सापडण्याच्या आधीपासून ठाऊक होतं. डबा धुऊन घरी आणला आणि फडताळावर त्याच्या जागेवर ठेवला, तर तिथे माझ्या लक्षात आलं की सगळे डबे कसे जरा पुढेमागे, ऐसपैस ठेवलेले आहेत, दोघांच्या मधे बोटं जातील इतकी जागा सोडून. मी लावले असते तर चिकटून लावले असते आणि काढताना आपटले असते. ती सगळीकडेच थोडं जास्तीचं सोडते, अक्का. चहात एक कप जास्तीचा, भाकरीचा एक गोळा जास्तीचा, माझ्या बोलण्यानंतर थोडा वेळ जास्तीचा, मी चूक सुधारून घ्यावी म्हणून. मुरडीचंही तेच. काठाला ते ऐसपैस होतं म्हणून आतलं आत राहत होतं. मी ते कापून टाकलं आणि मटार छताला लागला. मला तिची फार आठवण येते. घर मापाला अगदी बरोबर झालं आहे आणि मला त्यात श्वास घेता येत नाही. हे तर तिला मुळीच सांगू नका.

बाकी सर्व क्षेम. साडूभाऊंना नमस्कार, मांजरीला दुरून. थोरांस काय लागतं आणि लहानांस काय द्यावं ते तुम्ही माझ्या वतीने वाटून टाका.

आपला नम्र,
मापात चुकलेला मेहुणा

ता. क. : मोहन नक्की किती घालायचं, ते जरा तिच्याकडून काढून घ्या. मी विचारलंय हे कळू देऊ नका. तुम्हालाच गुडघ्याला चोळायला हवंय म्हणून विचारा.

ता. क. दुसरा : अक्का, तुमच्या चष्म्याचा स्क्रू मी तुमच्या दारातून बाहेर पडल्या पडल्याच बसवला. मशीनचा छोटा पेचकस माझ्या खिशात असतो. चष्मा उत्तम आहे, माझ्या समोरच आहे, आत्ता मी तो लावून पाहिला, तुम्हाला बरंच लांबचं दिसतं. पण तो मुद्दाम ठेवून घेतला. कारण तुम्हाला त्याच्याशिवाय अक्षर दिसत नाही, आणि साडूभाऊ माझ्या अक्षराला गिऱ्हाइकाच्या मापाची चिठ्ठी म्हणतात आणि बाजूला ठेवतात. म्हणजे तुमच्या घरात माझं पत्र मोठ्याने वाचून दाखवणारं एकच माणूस उरतं. अगं, थांबू नकोस, वाच पुढे. अक्का ऐकताहेत. इतका वेळ ‘तिला सांगू नका’, ‘तिला सांगू नका’ हे तू स्वतःच्या तोंडाने त्यांना वाचून दाखवलंस, त्याबद्दल आभार.

ता. क. तिसरा : अक्का, आता कान देऊन ऐका. तिने पुढची ओळ खणखणीत आवाजात वाचायची आहे, मधे थांबायचं नाही :

‘मी शनिवारच्या गाडीने घरी येते आहे.’

ऐकलंत? हे वाक्य माझं नाही. मी बोललो असतो तर ‘येतो’ म्हटलं असतं. ‘येते’ असं तुमच्या खोलीत तीच म्हणाली, आणि तुम्ही साक्षीला आहात. आता शब्द फिरवता येणार नाही. शनिवारी मी स्टेशनवर उभा असेन. टेप घरी ठेवून येणार आहे. तुमचा चष्मा मात्र रविवारी गोत जमल्यावरच मिळेल, तेव्हा तिचा हात धरून तुम्हीही या.

ता. क. शेवटचा : अक्का, ती हसली की रडली, ते उलट टपालाने कळवा. पण तुम्ही तरी कसं कळवणार, लिहायलाही चष्मा लागतो. म्हणजे उत्तरही तुलाच लिहावं लागणार. एकच ओळ लिही, चालेल. फक्त अगदी कडेपर्यंत लिहू नकोस गं. काठाला थोडी माया सोड.